मॅडम, वर्ग कोणता?

"मॅडम, वर्ग कोणता?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"आठवी ब," मी म्हणाले.

तो हसला नाही, पण माझ्या मागे रांगेत उभी असलेली दोन पोरं हसली. "तसं नाही मॅडम. लायसनचा वर्ग म्हणतो मी. तुम्हाले कोणत्या गाडीसाठी इंटरनॅशनल पायजे?"

"स्कूटरसाठी."

त्याने माझं कार्ड उजेडाकडे धरलं, पुन्हा खाली केलं, चष्मा कपाळावर नेला. "पण याच्यात तर स्कूटर नाईच. एलएमव्ही हाय फकस्त. कार चालवा म्हणते सरकार तुम्हाले. टू-व्हीलर कोठी हाय?"

ही गोष्ट मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधली, अमरावतीच्या आरटीओ कार्यालयातली. मी तिथे स्कूटरवरूनच गेले होते. बाहेर लिंबाच्या सावलीत ती उभी होती, डिक्कीत माझं हेल्मेट, दुपारचा डबा आणि तपासलेल्या चाचणीच्या वह्या. परदेशात जाऊन कायद्याने स्कूटर चालवायची म्हणून चौकशीला आले होते, आणि आपल्याच गावात आपण बेकायदेशीर आहोत हे त्या खिडकीपाशी कळलं.

आता मागचं सांगते.

मी गाडी शिकले ती अकोल्यात, अब्बांच्या लुनावर. १९९८ साल असेल. फजरनंतर रस्ते रिकामे असायचे तेव्हा क्रिकेट क्लबच्या मैदानाजवळ अब्बा मला घेऊन जायचे आणि मागून धावायचे. मोहल्ल्यातल्या बायांनी अम्मीला जे ऐकवायचं ते ऐकवलंच, पण अब्बा ठाम होते. बीएड कॉलेजला जायला पोरीने ऑटोच्या मागे उभं राहायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. लायसनबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "चलाना आ गया ना? फिर कागज का क्या है, बन जाएगा." तो कागज बनला नाही. लग्न होऊन अमरावतीला आले, शाळा लागली, लुना जाऊन स्कूटी आली, तरी बनला नाही.

२००९ मध्ये घरात जुनी अल्टो आली तेव्हा मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. फॉर्म भरताना तिथल्या मास्तरांनी विचारलं होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं: "टू-व्हीलरचंबी टाकू काय? फी थोडी वाढते, मैदानात आठचा आकडा काढा लागते." मुलगी तेव्हा दोन वर्षांची. एकच दिवस रजा मिळालेली. मी म्हटलं, "नको, स्कूटी तर मला येतेच." येणं आणि चालवायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बीएड झालेल्या बाईला कळायला हवं होतं. मला शिकवता तर डीएडच्या आधीही येत होतं, पण पदवीशिवाय कोणी वर्गात उभं केलं असतं का?

त्यानंतर सोळा वर्षं. राजकमल चौकात, पंचवटीला, बडनेरा रोडवर नाकाबंदीत मला किती वेळा थांबवलं असेल, सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी मी ऐटीत कार्ड काढून दिलं. पोलीस कार्ड बघायचे, मग शाळेचं ओळखपत्र बघायचे, आणि "जा मॅडम" म्हणायचे. कार्डावर गाडीचा वर्ग लिहिलेला असतो आणि तो वाचायचा असतो, हे ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या. दोष त्यांचा कसा म्हणू? कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, त्यांच्या नाही.

मुळात मी त्या खिडकीपर्यंत गेले ती माझ्या भाच्यामुळे.

माझी मोठी बहीण अकोल्याला असते. तिचा मुलगा इंजिनिअर, पुण्याला नोकरीला. २०२३ च्या डिसेंबरात तो तीन मित्रांबरोबर व्हिएतनामला गेला. पोरगा बेफिकीर नाही, हे आधीच सांगते. जाण्यापूर्वी त्याने रीतसर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता, हजार रुपये भरून, सही-शिक्क्याचा. त्यात दुचाकीचा 'ए' वर्गही होता. प्रवासाचा विमाही घेतला होता. दा नांगमध्ये चौघांनी स्कूटर भाड्याने घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी एका पेट्रोल पंपातून बाहेर पडताना तो सवयीने डाव्या बाजूला वळला. व्हिएतनाममध्ये गाड्या उजव्या बाजूने चालतात. समोरून येणाऱ्या मोटारसायकलने त्याला उडवलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं, तिथे पट्टी टाकून ऑपरेशन करावं लागलं.

आपाचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. आम्ही दोघं लगेच अकोल्याला निघालो. अमरावती-अकोला रस्ता आता असा आहे की शंभर किलोमीटर कधी संपतात कळत नाही. याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना असा पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव घातलं गेलं. एरवी पाहुणा आला की आम्ही हे कौतुकाने सांगतो. त्या रात्री मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

आपाच्या घरी बैठकीत सगळे मोबाईल घेऊन बसले होते. रुग्णालय पैसे भरल्याशिवाय पुढचं काही करायला तयार नव्हतं आणि विमा कंपनीचा माणस म्हणत होता की आधी भरा, मग मागा. सकाळपर्यंत भाऊजींनी, मामूंनी, आम्ही मिळून पावणेतीन लाख उभे केले. त्यात आपाचे दोन कंगन गेले. "विमा आला की सोडवून आणू," असं भाऊजी म्हणाले.

विमा आला नाही. दोन महिन्यांनी पत्र आलं. अर्जदाराकडे त्या देशात ग्राह्य असलेला परवाना नव्हता, सबब दावा नामंजूर.

मला आधी वाटलं की कंपनी फसवते आहे. परवाना होता ना! शिक्का होता! मी मराठी आणि उर्दू शिकवते. कायद्याचं मला काही कळत नाही, पण कागद वाचायची सवय आहे. म्हणून त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हा विषय मुळापासून वाचायला घेतला. जे सापडलं ते सांगते, कारण आपल्याकडची पोरं आता सर्रास बँकॉक-बाली-व्हिएतनामला जातात आणि हे त्यांना कोणी सांगत नाही.

आपण ज्याला 'इंटरनॅशनल लायसन' म्हणतो ते लायसन नसतंच. तो आपल्या लायसनचा जगाला कळेल असा तरजुमा आहे, सरकारने केलेला आणि सरकारने जबाबदारी घेतलेला. त्याच्यासोबत मूळ कार्ड नसेल तर त्याला किंमत नाही. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. आणि हा तरजुमा कोणत्या देशात चालेल हे ठरतं ते त्या देशाने कोणत्या करारावर सही केली आहे त्यावरून. रस्तावाहतुकीचा एक करार १९४९ मध्ये जिनिव्हाला झाला. दुसरा १९६८ मध्ये व्हिएन्नाला. भारत पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. आपल्या आरटीओतून मिळणारी पुस्तिका १९४९ च्या कराराची असते. थायलंड, श्रीलंका, जपान हे देश त्या करारात आहेत. व्हिएतनाम फक्त १९६८ वाल्यात आहे आणि त्याच कराराचा परवाना मानतो. म्हणजे माझ्या भाच्याने हजार रुपये भरले, रांगेत उभा राहिला, सगळं खरं केलं, आणि दा नांगच्या रस्त्यावर तो कायद्याच्या नजरेत विनापरवाना होता. भाड्याने देणाऱ्याने विचारलं नाही. तो कशाला विचारेल? त्याला रोजचं भाडं हवं असतं.

हे कळल्यावर मी आपाला फोन केला. ती म्हणाली, "मतलब गलती किसी की नहीं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच्यानंतर वर्षभराने आमच्या घरात परदेशाचा विषय निघाला. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, नवऱ्याचे एक मित्र थायलंडमधल्या क्राबीला जाऊन आले होते, आणि तिथे हलाल जेवणाची चिंता नाही, दर दोन-तीन गावांत मशीद आहे असं त्यांनी सांगितलं होतं. क्राबीजवळ कोह लांटा नावाचं बेट आहे. तिथली वस्ती बहुतांशी मुसलमानांची. बस वगैरे काही नाही, टॅक्सी महाग, सगळे स्कूटरवर फिरतात. नवऱ्याच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, तो तासाभराहून जास्त दुचाकी चालवू शकत नाही. म्हणून ठरलं की चालवणारी मी. आणि मी ठरवलं की यावेळी कागदात एकही भोक राहू द्यायचं नाही. त्या निश्चयाने मी आरटीओची पायरी चढले, आणि भोक कुठे निघालं ते तुम्ही वाचलंच.

त्या दिवशी खिडकीवरून वळल्यावर मी बाहेर आले, स्कूटरची किल्ली हातात होती, आणि मला ती लावता येईना. सोळा वर्षं लावली होती! मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याचं तिसरं कलम सांगतं की ज्या वर्गाची गाडी चालवायची त्या वर्गाचा परवाना हवा. नसेल तर पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण मला दंडाची भीती वाटत नव्हती. मला आठवत होती ती माझ्या मागच्या सीटवर बसलेली मुलं. कोणाला ताप आला, कोणाच्या घरी कोणी घ्यायला नाही, कोणाची मासिक पाळी वर्गातच सुरू झाली, अशा किती मुलींना मी घरी सोडलं आहे. एकदा पावसात नागपुरी गेटजवळ गाडी घसरून आम्ही दोघी पडलो होतो. मी आणि सातवीतली एक मुलगी. तिच्या कोपराला खरचटलं, बाकी काही झालं नाही. तिच्या अब्बांनी मलाच चहा पाजून घरी पाठवलं होतं. त्या दिवशी जर काही झालं असतं तर? आपल्याकडे अशा अपघातात कोर्ट बहुतेकदा विमा कंपनीला सांगतं की जखमीला भरपाई आधी द्या आणि नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणापासून ही वाट चालत आली आहे. म्हणजे माझ्याकडून. पैशाचं एक वेळ सोडा, त्या माणसाला मी काय तोंड दाखवलं असतं?

नवऱ्याला फोन करून बोलावलं. तो ऑटोने आला आणि स्कूटर चालवत घरी घेऊन गेला. मी मागे बसले. रस्त्यात तो एकदाच बोलला, "इतने साल मुझे भी नहीं दिखा."

मग सुरू झालं शिकाऊ लायसन. ज्याच्याकडे कारचं लायसन आहे त्यालाही दुचाकीसाठी आधी शिकाऊ परवाना काढावा लागतो, तीस दिवस थांबावं लागतं, मग परीक्षा. आणि या तीस दिवसांत गाडीवर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा. पाटी अठरा सेंटिमीटरची. मागे बसेल तो फक्त शिकवणारा, ज्याच्याकडे त्या गाडीचं पक्कं लायसन आहे. दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही.

म्हणून सेहेचाळीस वर्षांची मी, सत्तावीस वर्षं गाडी चालवल्यानंतर, रोज सकाळी 'एल'ची पाटी लावून शाळेत जाऊ लागले, आणि मागे माझे शिक्षक म्हणून नवरा. त्याचं ऑफिस उलट्या दिशेला. तो मला शाळेच्या फाटकाशी सोडून... म्हणजे मी त्याला तिथे नेऊन, आणि मग तो तिथून ऑटोने परत जायचा. संध्याकाळी उलटं. मुलीने घरात जाहीर केलं, "अम्मी लर्नर आहेत, त्यांच्याशी हळू बोला." मोहल्ल्यात दोन दिवस चर्चा झाली. एका शेजारणीने तर विचारलं की पाटी नजर लागू नये म्हणून लावली का.

खरा प्रश्न शाळेचा होता. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम असतो, आणि दर वर्षी मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेणारी मीच. आठवी-नववीची पोरं बापाची बाईक घेऊन शिकवणीला येतात, त्यांना मी फाटकावर अडवून परत पाठवलं आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सुनवायचे. आता ती पोरं 'एल'ची पाटी बघत होती आणि विचारायची हिंमत करत नव्हती. चौथ्या दिवशी मी मराठीचा तास सुरू व्हायच्या आधी सगळं सांगून टाकलं. लायसन कधी काढलं, काय टाकलं नाही, किती वर्षं तशीच फिरले.

वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "टीचर, मग तुमचं चालान कटलं का?"

"नाही."

"मग कटायला पाहिजे होतं ना?"

तो मुलगा म्हणजे दोनदा मीच फाटकावरून परत पाठवलेला. मी म्हटलं, "हो, कटायला पाहिजे होतं." त्याला काय मिळालं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यापासून तो सायकलने येऊ लागला. (दोन आठवडे टिकलं. मग पुन्हा बाईक.)

परीक्षेत मी नापास झाले. आठचा आकडा काढायचा, पाय जमिनीला टेकवायचा नाही. अमरावतीच्या गर्दीत रोज म्हशी, हातगाड्या, शाळेच्या व्हॅन चुकवणारी मी त्या रंगवलेल्या आकड्याच्या दुसऱ्या वळणावर पाय टेकवून बसले. "सात दिवसांनी या," साहेब म्हणाले. माझ्या आधी एक अठरा वर्षांची मुलगी झोकात पास होऊन गेली होती. तिने मला सांगितलं, "आंटी, चाकाकडे नका पाहू, पुढं जायचं तिकडं पाहा." आठवडाभर घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर नवऱ्याने चुन्याने आठ काढून दिला. दुसऱ्या वेळी पास झाले. आणि खरं सांगू? माझी गाडी सुधारली. मंद वेगात तोल सांभाळणं मला येतच नव्हतं. मी आयुष्यभर पाय टेकवत चालवत होते.

नवीन कार्ड आलं, दोन्ही वर्गांचं. मग आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज. सारथी पोर्टलवर फॉर्म भरायचा, पासपोर्ट, लायसन, फी हजार रुपये. पूर्वी यासाठी व्हिसा आणि डॉक्टरचा दाखला मागायचे, पण २०२१ च्या जानेवारीत केंद्राने ती अट काढली, कारण अनेक देशांचा व्हिसा तिथे उतरल्यावरच मिळतो. २०२२ च्या ऑगस्टपासून पुस्तिकाही देशभर एकसारखी झाली, तिच्यावर क्यूआर कोड असतो. एक सावधगिरी: इंटरनेटवर 'घरबसल्या इंटरनॅशनल लायसन' विकणाऱ्या साइट्स आहेत, तीन वर्षं, पाच वर्षं मुदतीच्या रंगीत कार्डांच्या. भारतीय लायसनवर हा परवाना आपलं आरटीओच देतं. त्या रंगीत कार्डाचा उपयोग फार तर पुस्तकात खूण ठेवायला.

माझ्या पुस्तिकेत 'ए' समोर शिक्का होता आणि 'बी' समोरही. मी तो शिक्का तीनदा पाहिला. मग विम्याच्या कंपनीला लेखी विचारलं: थायलंडमध्ये भाड्याच्या स्कूटरवर अपघात झाला तर या परवान्यावर दावा चालेल का? आठ दिवसांनी लेखी उत्तर आलं, हेल्मेट आणि ग्राह्य परवाना असेल तर चालेल. ते छापून फाइलमध्ये लावलं. नवरा म्हणाला, "तू सहलीला चाललीस की शाळा तपासणीला?"

सहलीला जाताना कागद पाहायचे असतात हे आम्ही एकदा गोव्यात शिकलो होतो, तेही अर्धवटच. २०१७ मध्ये कलंगुटला नवऱ्याने स्कूटर घेतली, पांढऱ्या नंबरप्लेटची. देणारा म्हणाला, "पोलिसांनी विचारलं तर सांगा मित्राची आहे." आम्ही हसलो. भाड्याने चालवायला दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात; पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने देताच येत नाही. पुढच्या नाक्यावर खरोखरच थांबवलं, आणि मुलीसमोर आम्ही दोघं शिक्षकांसारखी दिसणारी माणसं एका अनोळखी माणसाला मित्र म्हणत उभे होतो. दहा वर्षांची मुलगी मागून म्हणाली, "पण त्यांचं नाव काय?" दंड भरला.

कोह लांटाला आम्ही डिसेंबरात पोचलो. सलादानच्या रस्त्यावर एका बाईचं दुकान होतं, डोक्यावर स्कार्फ, पुढे पाच-सहा स्कूटर. तिने सलाम केला, मी उत्तर दिलं, आणि दोघींना एवढं बरं वाटलं की पहिली दोन मिनिटं भाड्याचं कोणी बोललंच नाही. दिवसाला अडीचशे बाट. तिने ठेव म्हणून पासपोर्ट मागितला. पासपोर्ट कोणाकडेही गहाण ठेवायचा नाही, हे मी ठरवूनच गेले होते. थोडा वाद होईल तर मग ती अडचण तुमची, तिची नाही. मी पासपोर्टची प्रत आणि तीन हजार बाट रोख देते म्हटलं. ती तयार झाली. गाडीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ केला, ती शेजारी उभी असताना. कर भरल्याचा कागद पाहिला, सक्तीच्या विम्याचा पाहिला. त्याला तिकडे 'पोर रोर बोर' म्हणतात, आणि त्यात गाडीचं नुकसान धरलेलं नसतं. ब्रेक दाबून पाहिले. हेल्मेट दोन. स्कार्फच्या पिना काढून पर्समध्ये टाकल्या, कारण पडलो तर हेल्मेटच्या आत पिनच डोक्यात घुसते. हे मला अमरावतीतल्या एका नर्सने पूर्वीच सांगून ठेवलं होतं, पण तोवर मी कधी पाळलं नव्हतं.

थायलंडमध्ये रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत जवळपास तीन-चतुर्थांश माणसं दुचाकी-तिचाकीवरची असतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात आहे. हा आकडा डोक्यात ठेवून मी चालवत होते, म्हणजे बैलगाडीच्या वेगाने. बेटाच्या दक्षिणेला दीपगृहाकडे जाणारा रस्ता चढ-उताराचा आहे, वळणावर माकडं बसलेली असतात. मंद वेगात तोल ठेवायचं शिक्षण तिथे कामी आलं. पूर्वेच्या जुन्या गावात लाकडी घरं समुद्रावर खांब रोवून उभी आहेत, तिथे आम्ही रोटी खाल्ली, केळं घातलेली. असरची अजान झाली, आणि मला एक क्षण वाटलं की आपण अकोल्यातच कुठेतरी आहोत, फक्त मोर्णेला एकदम भरपूर पाणी आलं आहे.

तिसऱ्या दिवशी पोलिसांची चौकी लागली. दहा-बारा परदेशी पोरं बाजूला उभी होती, बिनहेल्मेटची, पावत्या घेत. मला थांबवलं. मी पुस्तिका आणि कार्ड दोन्ही दिले. त्या तरुण पोलिसाने पुस्तिका उघडली, पानं उलटत शेवटच्या पानापर्यंत गेला, बोट ठेवलं. 'ए'च्या शिक्क्यावर. मग फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कार्डावरचा नंबर पुस्तिकेतल्या नंबराशी जुळवला. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. माझ्या लायसनवर काय लिहिलं आहे हे रस्त्यावर कोणी वाचण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

"ओके, मॅडम," तो म्हणाला.

मागून नवरा मराठीत पुटपुटला, "पास झालीस."

स्कूटर परत केली तेव्हा दुकानवाल्या बाईने व्हिडिओ बघितलाही नाही, तीन हजार मोजून दिले आणि मुलीसाठी शिंपल्यांची माळ दिली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी अकोल्याला गेलो. भाचा घरी आला होता. खांद्यातली पट्टी अजून काढलेली नाही, थंडीत दुखतं म्हणतो. मी फोटो दाखवत होते. स्कूटरवरचा माझा फोटो आला तेव्हा त्याने मोबाईल हातात घेतला, मोठा करून पाहिला.

"तिकडे गाड्या कोणत्या बाजूने चालतात, खाला?"

"डावीकडून. आपल्यासारख्याच."

"बरं आहे," तो म्हणाला, आणि पुढचा फोटो सरकवला. आपाने स्वयंपाकघरातून आवाज दिला की खिचडा थंड होतोय.